स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांसाठी पैसा कुठून आणायचा आणि तो कशावर घालायचा

मुंबई महानगर प्रदेशातल्या एका महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविकेनं विचारलेला हा प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्या स्टेशनबाहेर आणि पुलाखाली रोज रात्री शे-दीडशे माणसं झोपतात. प्रशासन म्हणतं, निवाऱ्याला निधी नाही आणि घरांसाठी म्हाडा आहे. हे एकट्या महापालिकेला झेपणारं नसेल, तर सगळ्या प्रदेशानं मिळून पैसा उभा करता येतो का? आणि पहिल्या वर्षात मी नेमकं काय मागू?"

ताई, उत्तर लांबेल, कारण या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही: पैसा आला तर तो कशावर घालायचा? या कामात माझी 27 वर्षं गेली. आधी वस्त्यांमधले बचत गट, मग पुनर्वसनाच्या इमारतींत सोसायट्या उभ्या करणं, आणि गेली 11 वर्षं बेघरांचे रात्रनिवारे. पैसा आलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो चुकीच्या जागी गेलेलाही तितक्याच वेळा पाहिला आहे.

आधी माणसं किती, ते बघू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर बेघर मोजले गेले, त्यातले सुमारे 57 हजार मुंबईत. ही मोजणी एका रात्रीची होती, 28 फेब्रुवारीची. रात्रपाळीला गेलेला केटरिंगचा पोऱ्या, मार्केटात गाडी उतरवणारा हमाल, पहाटेचे पेपर लावणारा मुलगा त्या रात्री 'झोपलेला' सापडत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही. तेव्हा खरा आकडा याहून मोठा धरा. तरीही दुसरी बाजू लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटानं 2012 मध्ये देशाच्या शहरांत 1 कोटी 88 लाख घरांचा तुटवडा असल्याचं सांगितलं होतं. त्यात अजिबात छप्पर नसलेली कुटुंबं होती 5 लाख 30 हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. उरलेले बहुतेक लोक अपुऱ्या, दाटीवाटीच्या जागेत राहणारे. योजना आखणारे साहजिकच त्या मोठ्या आकड्याकडे बघून योजना आखतात आणि रस्त्यावरचा माणूस तिच्यात बसत नाही. पण आकडा लहान आहे म्हणूनच हे काम आवाक्यातलं आहे. हे तुम्ही महासभेत न दमता सांगत राहा.

आता एक घर दाखवतो. घर म्हणजे उड्डाणपुलाखालची आठ बाय सहाची जागा. नवरा नाक्यावर काम शोधतो, बायको गजरे करून विकते, दोन मुली. चार वर्षांपूर्वी त्यांच्यासोबत बसून मी त्यांचा रोजचा खर्च वहीत उतरवला होता. सार्वजनिक शौचालयाचे चौघांचे मिळून 30 रुपये, आंघोळीचे 40, पाण्याच्या कॅनचे 20, पानवाल्याकडे मोबाइल चार्जिंगला ठेवायचे 10. दिवसाला 100, महिन्याला 3 हजार. शिवाय पावसाळ्यात ताडपत्री, आणि अतिक्रमणाची गाडी सामान उचलून नेते तेव्हा भांडीकुंडी, पांघरुणं पुन्हा विकत. गेल्या वेळी गाडीत धाकटीचं दप्तर गेलं होतं. त्या बाई मला म्हणाल्या, "दादा, भाडं तर आम्ही भरतोच की. फक्त खोली नाही."

या वाक्यावर माझं सगळं उत्तर उभं आहे. आपल्याकडे सरकारी पैसा दोन टोकांना जातो. एका टोकाला रात्रनिवारा, दुसऱ्या टोकाला मालकीचं घर. मधली पायरी, म्हणजे महिना दोन-तीन हजारांत मिळणारी, दाराला कुलूप लावता येणारी भाड्याची खोली, तिच्यासाठी कुणी पैसे ठेवत नाही. आणि जे काही बांधलं जातं ते चालवायला पैसे ठेवायचे असतात, हेही कुणाच्या मनात येत नाही. प्रदेशाचा निधी उभारायचाच असेल तर तो या दोन गोष्टींसाठी उभारा.

निवाऱ्याचं बघा. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांच्या सोयीचा, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा हवा. 2013 पासून केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात त्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सगळं मार्गदर्शक सूचनांमध्ये नीट लिहिलं आहे. पण चालवण्याचा खर्च धरला तो 50 माणसांच्या निवाऱ्याला वर्षाला 6 लाख. भागाकार करा: माणशी दिवसाला 33 रुपये. त्याच सूचनांमध्ये एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक सांगितले आहेत. सहा लाखांत चौघांना प्रत्येकी साडेबारा हजार दिले की तिजोरी रिकामी. दिवाबत्ती, पाणी, फिनेल, चादरींची धुलाई, आजारी माणसाला रिक्षानं दवाखान्यात नेणं, हे कशातून करायचं? म्हणून संस्था एकच काळजीवाहक ठेवते, तो रात्री दार बंद करून झोपतो, ढेकूण होतात, दारुडा आला तर आवरायला दुसरं कुणी नसतं, आणि दोन महिन्यांत बायामाणसं पुन्हा पुलाखाली जातात. मग अहवालात लिहिलं जातं की बेघरांनाच निवाऱ्यात यायचं नसतं. हे वाक्य तुमच्याही कानावर येईल. ते आलं की काळजीवाहकांचा हजेरीपट मागा.

निवाऱ्यात न येण्याचं आणखी एक कारण मी रोज बघतो. बहुतेक निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. गजरेवाल्या बाईंच्या कुटुंबानं तिथं जायचं तर नवरा एकीकडे, मायलेकी दुसरीकडे, आणि सामान कुठेच नाही. कुटुंबासाठी निवारा हे उत्तरच नाही. त्यांना खोलीच लागते.

आता दुसरं टोक, मालकीचं घर. प्रधानमंत्री आवास योजना जून 2015 मध्ये आली. भागीदारीतल्या प्रकल्पात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे घरामागे अडीच लाख मिळतात. गावाकडच्या शहरांत या रकमेला वजन आहे. आपल्या प्रदेशात नाही. सिडकोनं 2024 मध्ये जाहीर केलेल्या 26 हजार घरांच्या योजनेत तळोज्यातलं अत्यल्प उत्पन्न गटाचं घर 25 लाखांच्या घरात होतं, आणि योजनेतलं स्वस्तातलं स्वस्त तेच. 22 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 19 हजारांच्या पुढे जातो. महानगर प्रदेशात 'अत्यल्प उत्पन्न' म्हणजे वर्षाला 6 लाखांपर्यंत. महिना 50 हजार कमावणारा रिक्षा-टेम्पोवाला किंवा कंपनीतला कामगार हा हप्ता ओढाताण करून भरेल, आणि त्याला घर मिळालंच पाहिजे. पण ज्याची रोजंदारी महिन्यात 18 दिवस लागते, त्याचं काय? त्याला बँक दारात उभी करत नाही. सोडतीची अनामत रक्कम, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचा पत्ता यातलं एकही त्याच्याकडे नसतं.

झोपडपट्टी पुनर्वसनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या शहरात त्यावर बोलणारे पुष्कळ भेटतील. विक्रीच्या इमारतीतून आलेल्या नफ्यावर पुनर्वसनाची इमारत उभी राहते, हे त्याचं गणित. दादर-अंधेरीत ते जमतं. जिथं फ्लॅटला भाव नाही तिथं बिल्डर फिरकत नाही, म्हणून भिवंडीसारख्या ठिकाणी ते अडतं. आणि फुटपाथवरचा माणूस परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीत, बसायला त्याच्याकडे ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा हवा. तो पुरावा कधीच अतिक्रमणाच्या गाडीत गेलेला असतो.

मग मधली पायरी. ती आपल्याला नवी नाही, हे ठासून सांगावंसं वाटतं. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारनं मुंबईत विकास विभाग काढला आणि कामगारांसाठी भाड्याच्या चाळी बांधायला घेतल्या. त्याच या बीडीडी चाळी. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसवली. ज्या धंद्यानं कामगार शहरात ओढून आणला, त्याच धंद्यावर घरांसाठी कर! लक्ष्य 50 हजार खोल्यांचं होतं, झाल्या 16 हजारांवर. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं मिळून 207 चाळी. पहिली काही वर्षं वरळीच्या चाळी रिकाम्या राहिल्या, कारण गिरण्यांपासून लांब आणि भाडं जास्त. सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारनं त्यांचा तुरुंग केला. पण पुढे त्याच 160 चौरस फुटांच्या खोल्यांनी शंभर वर्षं लाखो माणसांना मुंबईत पाय रोवू दिले. आज त्या पाडून रहिवाशांना 500 चौरस फुटांची मालकीची घरं मिळत आहेत. शंभर वर्षं तिथं काढलेल्या कुटुंबांचा तो हक्कच आहे, मला त्याचा आनंद आहे. फक्त त्या 16 हजार भाड्याच्या खोल्यांच्या जागी नव्या भाड्याच्या खोल्या कुठेही उभ्या राहत नाहीत, याची बोच जात नाही.

प्रयत्न झाला नाही असं नाही. 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, भाड्याच्या घरांची योजना आणली होती. बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी, द्यायचा आणि बदल्यात त्यानं 160 चौरस फुटांच्या खोल्या बांधून एमएमआरडीएच्या ताब्यात द्यायच्या. कल्पना उत्तम होती. पुढे मात्र आकार वाढला, धोरण बदललं, आणि बांधलेली कितीतरी घरं गिरणी कामगारांच्या सोडतीला आणि प्रकल्पबाधितांना गेली. पनवेलजवळच्या कोनची 2,417 घरं 2016 च्या सोडतीत निघाली ती यातलीच. गिरणी कामगारांना घरं मिळालीच पाहिजेत, पण त्यांची घरं गिरण्यांच्या जमिनीवर व्हायला हवी होती, भाडेकरूंच्या खोल्यांतून नव्हे. माझ्या मते योजना पैशाअभावी मोडली नाही. सरकारी यंत्रणेत घरमालक व्हायला कुणी तयार नव्हतं. दर महिन्याला भाडं कोण गोळा करणार, थकलं तर काय करायचं, गळती लागली तर प्लंबर कोण पाठवणार, या कामासाठी ना माणूस होता ना लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला स्वतंत्र रकाना. 2020 च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा केंद्रानं पुन्हा भाड्याच्या घरांची योजना काढली. देशभर जेमतेम काही हजार रिकामी सरकारी घरं तिच्यात वापरात आली.

प्रदेश म्हणूनच हे का करायचं, ते आता. महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. कल्याण स्टेशनबाहेर झोपणारा माणूस पहाटेच्या लोकलनं वाशीच्या मार्केटात हमालीला जातो. त्याची मेहनत नवी मुंबईत, आंघोळ कल्याणात, आणि ज्या फ्लॅटच्या लादीचं ओझं तो वाहतो त्या फ्लॅटचं मुद्रांक शुल्क मुंबईतलं. जमिनीचा पैसा जिथं जमा होतो आणि माणूस जिथं झोपतो, त्या जागा वेगळ्या आहेत. आणि एका महापालिकेनं चांगला निवारा काढला की तिच्या स्थायी समितीत लगेच म्हटलं जातं, आपण सोय केली तर सगळीकडचे आपल्याकडे येतील. ही भीती मी कितीतरी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे आणि त्यांना दोष देत नाही. नऊही ठिकाणी एकदम सोय झाली तरच ती जाईल.

पैसा कुठून? एक वाट आपण आधीच पाडलेली आहे. एप्रिल 2022 पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार घेतला जातो. एक कोटीच्या फ्लॅटमागे एक लाख. लोकांनी तो भरला, घरांची खरेदी थांबली नाही. म्हणजे प्रदेशातल्या जमिनीच्या व्यवहारातून प्रदेशाच्या कामासाठी पैसा काढता येतो, हे सिद्ध झालेलं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातले (बीकेसी) भूखंड भाडेपट्ट्यानं देऊन एमएमआरडीएनं जो पैसा उभा केला, त्यातून प्रदेशभर रस्ते आणि पूल झाले. बीकेसी कलानगरच्या बाजूला, पण पैसा ठाण्या-कल्याणपर्यंत पोचला. याच न्यायानं त्या अधिभारातला पाव टक्का, किंवा जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डरांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रीमियमचा ठरावीक वाटा, भाड्याच्या खोल्यांसाठी आणि निवारे चालवण्यासाठी बाजूला काढा, ही मागणी अजिबात आकाशातली नाही. 2021 मध्ये बांधकाम व्यवसायाला उभारी म्हणून राज्यानं हेच प्रीमियम वर्षभरासाठी निम्म्यावर आणले होते. सोडता येतं तसं राखूनही ठेवता येतं.

मे 2025 मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, 2007 नंतरचं पहिलंच. त्यात 2030 पर्यंत 35 लाख घरांचं लक्ष्य आणि 20 हजार कोटींच्या महाआवास निधीची घोषणा आहे, भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे. या निधीचे नियम ठरताना आपली माणसं तिथं बोलली पाहिजेत. 'भाड्याच्या खोल्या' आणि 'चालवण्याचा खर्च' हे दोन शब्द नियमांत आले नाहीत तर सगळा पैसा विक्रीच्या घरांत जाईल.

लागणार किती, त्याचा माझा हिशेब सांगतो. 2011 ची प्रदेशाची लोकसंख्या सव्वादोन-अडीच कोटींच्या मध्ये. ती 2 कोटी 30 लाख धरली तर न्यायालयाच्या निकषानं 23 हजार माणसांची सोय हवी, म्हणजे 50 जणांचे 460 निवारे. अभियानाच्या त्या 6 लाखांच्या दरानं वर्षाला 27-28 कोटी. नीट पगार, सफाई, एक समाजसेवक आणि कागदपत्रांचं काम धरून मी एका निवाऱ्याला 18 लाख धरतो. तरीही 83 कोटींच्या आत. हा खर्च नऊ महापालिकांचा मिळून. एकट्या मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींवर होता. भाड्याच्या खोल्यांना भांडवल जास्त लागेल. सरकारी जमिनीवर बांधकामाचे 8 लाख धरले तर 5 हजार खोल्यांना 400 कोटी, आणि ते एकदाच. पुढचा वीज-पाणी-डागडुजीचा खर्च त्या बाईंच्या 3 हजारांतून निघतो. भांडवल निधीतून, देखभाल भाड्यातून. भाड्यातून भांडवल वसूल करायला गेलात की खोली पुन्हा त्यांच्या हाताबाहेर गेली, जसं वरळीला झालं होतं.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते याच मुद्द्याचं आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या तीन परगण्यांच्या प्रादेशिक संस्थेनं नोव्हेंबर 2018 मध्ये मतदारांकडून 65 कोटी 28 लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर करून घेतले, परवडणारी घरं बांधायला. दीड वर्षात त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या भिंतींनी रस्त्यावरचा माणूस घरात टिकत नाही. मे 2020 मध्ये त्यांनी पुन्हा मतदान घेतलं आणि जास्त उत्पन्नावर व मोठ्या धंद्यांच्या नफ्यावर एक टक्का कर बसवला. हा पैसा भाड्याला मदत, उपचार आणि सोबतीला राहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. तिथला प्रश्न मिटलेला नाही, रस्त्यावर माणसं आजही आहेत. पण बांधण्याचा पैसा वेगळा आणि टिकवण्याचा वेगळा, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं. आपल्याला तेवढंच घ्यायचं आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर सोलापूरला जा. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची वसाहत आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं बायकांनी सहकारी संस्था केली, जमीन घेतली, आणि केंद्राचे 20 हजार, राज्याचे 20 हजार, बाईचे स्वतःचे 20 हजार अशा 60 हजारांत एकेक घर उभं केलं. अशी 10 हजार घरं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. त्यानंतर शेजारीच रे नगर. 30 हजार घरं, एकूण खर्च 1,811 कोटी, त्यात केंद्र आणि राज्याचे मिळून 750 कोटी. जानेवारी 2024 मध्ये पहिली 15 हजार घरं दिली गेली. सरासरी काढली तर घर 6 लाखांचं आणि साडेतीन लाख लाभार्थ्याच्या अंगावर. मुंबईच्या मानानं हे स्वप्नच वाटेल, पण दोन्ही वेळेला सरकारं वेगळी होती, संघटना मात्र तीच होती, हे लक्षात घ्या. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा एका विडी कामगार बाईंनी मला त्यांचं पासबुक दाखवलं होतं. पन्नास, शंभर, पन्नास, ऐंशी अशा नोंदी, पानंच्या पानं. घराच्या पायाभरणीआधीची कितीतरी वर्षं. पैसा येण्याआधी माणसं बांधलेली होती, म्हणून आलेला पैसा सांडला नाही. मांडीवरच्या सुपात विडी वळता येते, त्यामुळे घर शहराबाहेर गेलं तरी हातचं काम गेलं नाही, हीही तिथली जमेची बाजू. कागद-काच वेचणाऱ्या बाईला मात्र रोज शहरात यावंच लागतं. तिच्या हिशेबात बसभाडं धरावं लागेल.

काम आणि घर तुटलं की काय होतं, ते चेंबूरजवळच्या माहुलला दिसलं. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं रिफायनऱ्यांच्या कुशीतल्या त्या इमारतींत नेली. घरं पक्की होती, पण हवा वाईट, कामं दूर, शाळा दूर. माणसं आजारी पडली, भांडली, कोर्टात गेली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांना तिथं राहायला भाग पाडू नका, दुसरी सोय होत नसेल तर भाडं द्या. तिथली हजारो घरं रिकामी राहिली. शहरात हजारो माणसं उघड्यावर आणि हजारो घरं रिकामी, हे एकाच वेळी घडू शकतं. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली होती. म्हणून निधीच्या नियमांत घरांचा आकडा लिहू देऊ नका. माणसं किती राहिली आणि वर्षानंतर किती टिकली, तो आकडा लिहा.

तुमच्या पहिल्या वर्षाबद्दल. अर्थसंकल्पात 'बेघर निवारा व भाडेघर' असं स्वतंत्र लेखाशीर्ष मागा, रक्कम एक कोटी असली तरी चालेल. समाजकल्याणाच्या मोठ्या शीर्षात ती टाकली की मार्चमध्ये दुसरीकडे वळते, हे मी चार वेळा अनुभवलं आहे. दुसरं, नगररचना विभागाकडून 4 हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर मंजूर झालेल्या प्रकल्पांची यादी मागा. नोव्हेंबर 2013 च्या नियमानं अशा प्रकल्पांत 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायची असतात. एकाच मालकाचा भूखंड 3,900, 3,900 असा तुकड्यांत मंजूर झालेला दिसला तर त्याबद्दल महासभेत लेखी प्रश्न टाका. तिसरं, महापालिकेची एखादी रिकामी वास्तू शोधा. जुन्या शाळेचा मजला, मंडईवरचा न वापरलेला माळा, संक्रमण शिबिरातल्या पडून असलेल्या खोल्या. तिथं वीस कुटुंबांसाठी वीस खोल्या करा, महिना अडीच-तीन हजार भाडं, आणि भाडं गोळा करायला एक पगारी बाई. भाड्याची पावती द्या, कारण राहत्या पत्त्याचा कागद म्हणून ती रेशनकार्डाला आणि मुलांच्या शाळाप्रवेशाला उपयोगी पडते. वर्षभर हे चाललं की एमएमआरडीएसमोर मागणी घेऊन जाताना तुमच्या हातात भाषण नसेल, भाडेवसुलीचं रजिस्टर असेल. शेजारच्या महापालिकेतला एखादा तरी सदस्य सोबत घ्या, पक्ष कुठलाही असो.

पण या सगळ्याच्या आधी मोजणी. 1981 मध्ये मुंबईच्या फुटपाथवरची माणसं पावसाळ्यात उठवायला सुरुवात झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै 1985 मध्ये निकाल आला की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. तरीही उठवण्याला न्यायालयानं मनाई केली नाही. ज्यांच्याकडे 1976 च्या गणनेची ओळखपत्रं होती त्यांना पर्यायी जागा देण्याचं बंधन घातलं. ज्याची गणना झाली, त्यालाच काही मिळालं. त्याच वर्षी स्पार्क संस्थेनं भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन सहा हजारांच्या आसपास कुटुंबं मोजली. पुढे त्यातूनच महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली, आणि त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षांच्या बचतीनंतर मानखुर्दला आपल्या घरात गेली.

तुमच्या स्टेशनबाहेरची मोजणी एका रात्रीत उरकू नका. आधी आठवडाभर त्याच जागी जाऊन बसा, चहा घ्या, नावं विचारू नका. भिक्षाप्रतिबंधक कायद्याच्या गाडीची त्यांना धास्ती असते, वही दिसली की माणसं उठून जातात. मोजणीची एक फेरी रात्री साडेअकरानंतर करा, दुसरी पहाटे साडेचारला, केटरिंगची आणि मार्केटची पोरं परत येतात तेव्हा. कुटुंबं वेगळ्या पानावर, एकटी माणसं वेगळ्या पानावर, आणि प्रत्येकाला एक प्रश्न नक्की विचारा: शौचालय, आंघोळ, पाणी, चार्जिंग मिळून रोजचे किती जातात? पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या, पण मोजणीला गणवेश सोबत नको. आणि त्या भागातल्या दोन-तीन बायांना मोजणीत घ्या, त्यांची रोजी द्या. कोणत्या खांबाआड कोण झोपतं, ते त्यांनाच माहीत असतं.